कर्मचारी आकृतीबंध आणि जमीन वापराचे नियम : मराठवाड्यातील नागरिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदगीर, अंबाजोगाई, वसमत, सेलू, कन्नड, भोकरदन यांपैकी कोणत्याही गावच्या नगरपरिषदेची विषयपत्रिका पाहिली, तर तीत दोन प्रकारचे विषय पुन्हा पुन्हा आढळतात. एक पदांचा आणि कर्मचाऱ्यांचा, दुसरा विकास आराखड्यातील, म्हणजे गावातील कोणती जमीन कोणत्या वापरासाठी हे ठरवणाऱ्या नकाशातील, फेरबदलाचा. पहिल्या विषयाकडे कर्मचारी संघटना लक्ष देतात, दुसऱ्याकडे जमीनमालक आणि बांधकाम व्यावसायिक. सर्वसामान्य करदात्याला मात्र दोन्ही विषय आपले वाटत नाहीत, आणि त्याचे परिणाम त्यालाच सोसावे लागतात. पुढील प्रश्नोत्तरे त्याच्यासाठी आहेत.

हे दोन विषय एकत्र का वाचायचे?

जमीन वापराचा नियम कागदावर कितीही चांगला असला, तरी तो जागेवर पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी माणूस लागतो. बांधकामाचा नकाशा तपासणारा अभियंता, जोत्यापर्यंत काम आल्यावर पाहणी करणारा कर्मचारी, अनधिकृत बांधकामाची नोटीस वेळेत बजावणारा लिपिक आणि नवीन इमारतीची कर आकारणी करणारा निरीक्षक, यांपैकी एक जरी नसला तरी साखळी तुटते. मराठवाड्यातील अनेक लहान गावांत नगररचनेचे काम पाहणाऱ्या एकाच अभियंत्याकडे शेजारच्या गावाचाही अतिरिक्त पदभार असतो, आणि आठवड्यातील कोणत्या वारी तो कोठे सापडेल हे नागरिकांना विचारत फिरावे लागते. अशा गावात सभेने शेतीची आणखी जमीन रहिवासी करण्याचा ठराव मांडला, तर पहिला प्रश्न असा असायला हवा की तेथे उभ्या राहणाऱ्या घरांची तपासणी, पाणी, गटार आणि कचरा कोण सांभाळणार. हा प्रश्न सभागृहात फारच क्वचित विचारला जातो, आणि तो विचारला जावा यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांना एकच कायदा लागू होतो का?

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत नाही. नगरपरिषदा व नगरपंचायती यांना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू होतो, तर छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झालेले जालना यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार तीन वर्ग आहेत: एक लाखाहून अधिक लोकसंख्येची 'अ' वर्ग, चाळीस हजारांहून अधिक ते एक लाखापर्यंतची 'ब' वर्ग आणि त्याखालील 'क' वर्ग. किती आणि कोणती पदे मिळणार हे बरेचसे या वर्गावर ठरते. जमीन वापराबाबत मात्र सर्वांना १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे आणि बांधकामाचे नियमही डिसेंबर २०२० पासून बहुतेक राज्यभर एकच, म्हणजे एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे आहेत.

सभेने ठराव मंजूर केला, म्हणजे नवीन पद निर्माण झाले का?

झाले नाही. सभा प्रस्ताव देते, मंजुरी शासनाची असते. प्रत्येक संस्थेत कोणत्या संवर्गाची किती पदे असावीत याचा शासनाने मंजूर केलेला तक्ता म्हणजे आकृतीबंध, आणि त्याबाहेरचे पद सभेच्या ठरावाने उभे राहत नाही. मुख्याधिकारी हा शासनाचा अधिकारी असतो. स्थापत्य, विद्युत, संगणक व पाणीपुरवठा अभियांत्रिकी, लेखापरीक्षण व लेखा, करनिर्धारण व प्रशासकीय सेवा, अग्निशमन आणि स्वच्छता निरीक्षक ही पदे राज्यस्तरीय संवर्गाची असून त्यांची भरती नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत होते. २०२३ मध्ये या संवर्गांसाठी राज्यभरात १,७८२ पदांची जाहिरात निघाली होती. लिपिक, शिपाई, व्हॉल्व्हमन, सफाई कामगार ही स्थानिक आस्थापनेवरील पदे आहेत, तरी तीही शासनाच्या परवानगीशिवाय भरता येत नाहीत.

यामुळे निवडणुकीच्या सभेत "आम्ही इतक्या तरुणांना पालिकेत लावू" असे आश्वासन कोणी दिले, तर ते देणाऱ्याच्या हातात ती गोष्ट नाही, हे मतदाराने लक्षात ठेवावे.

मग मंजूर असलेली पदेही वर्षानुवर्षे रिकामी का राहतात?

याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पहिले कारण पैशाचे. महानगरपालिकांचा आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा शासनाचा दंडक आहे, आणि ही मर्यादा ओलांडलेल्या संस्थेला नवीन भरतीची परवानगी मिळणे अवघड होते. वरवर पाहता हा नियम शिस्तीचा वाटतो. परंतु मराठवाड्यातील बहुतेक शहरांचे स्वतःचे उत्पन्न मुळातच तोकडे आहे. जकात गेली, नंतर स्थानिक संस्था कर गेला, आणि आता मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क व शासनाचे अनुदान एवढ्यावरच कारभार चालतो. उत्पन्न कमी म्हणून वसुलीला माणसे घेता येत नाहीत, आणि वसुलीला माणसे नाहीत म्हणून उत्पन्न वाढत नाही. या फेऱ्यातून बाहेर पडायचे असेल तर करनिर्धारण व नगररचना विभागांतील पदे भरण्याला प्रथम परवानगी मिळाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण ही पदे स्वतःच्या पगाराहून अधिक महसूल संस्थेला मिळवून देऊ शकतात.

दुसरे कारण बिंदुनामावलीचे. आरक्षणानुसार कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी आहे याची नोंदवही अद्ययावत करून तिची तपासणी विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडून करून घेतल्याशिवाय जाहिरात काढता येत नाही. नोंदवही अपुरी राहिली की भरती अडते, आणि ती पूर्ण करणारा आस्थापना लिपिकच सेवानिवृत्त झालेला असतो. तिसरे कारण आम्हांला सर्वांत जास्त खटकते. मोठ्या शहरांजवळची नेमणूक मिळावी म्हणून किनवट, माहूर, सेनगाव, घनसावंगी अशा ठिकाणच्या नियुक्त्यांवर अधिकारी टिकत नाहीत, आणि प्रतिनियुक्तीवर गेलेल्या माणसाचे पद कागदोपत्री भरलेलेच राहते.

आमच्या नगरपंचायतीत जुन्या ग्रामपंचायतीचेच कर्मचारी काम करतात. त्यांचे काय?

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय शासनाने २०१४ मध्ये घेतला, आणि मराठवाड्यात मंठा, बदनापूर, पालम, औंढा नागनाथ, केज, वाशी, रेणापूर अशा अनेक गावांचा कारभार त्यानंतरच्या काळात नगरपंचायतीकडे आला. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचे समावेशन शैक्षणिक अर्हता, मंजूर पद आणि नियुक्तीची रीत पाहून होते. ज्यांची नियुक्ती कागदोपत्री नीट नव्हती, ते मागे राहिले. वीस वर्षे गावाचे पाणी सोडणाऱ्या माणसाकडे नेमणुकीचा आदेश नसणे हा त्याचा दोष मानता येत नाही. अशा प्रकरणांत जुने मासिक सभेचे ठराव, पगारपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी हाच आधार असतो, म्हणून त्यांच्या प्रमाणित प्रती मिळवून ठेवाव्यात.

रोजंदारी किंवा ठेकेदाराच्या माणसांना सभा कायम करू शकते का?

केवळ ठरावाने करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी प्रकरणातील निकालानुसार, नियमित भरती प्रक्रियेबाहेर घेतलेल्या माणसाला दीर्घ सेवेच्या आधारावर आपोआप कायम होण्याचा हक्क मिळत नाही. त्याच निकालात मंजूर पदावर दहा वर्षांहून अधिक काळ न्यायालयाच्या आदेशाशिवाय काम केलेल्यांसाठी एक वेळची तरतूद होती. पुढील काळात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले आहे की कायमस्वरूपी स्वरूपाचे काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या माणसांकडून करून घेण्यासाठी शासकीय संस्थांनी या निकालाची ढाल करू नये.

घंटागाडीवरचे कामगार, रस्ते झाडणाऱ्या स्त्रिया, पाण्याच्या टाकीवरचे पहारेकरी यांचा रोजचा प्रश्न मात्र कायम होण्याच्या आधीचा आहे: ठेकेदार किमान वेतन देतो का, भविष्य निर्वाह निधी भरतो का, आणि पगार वेळेवर बँकेत जमा होतो का. मूळ नियोक्ता म्हणून नगरपरिषदेची येथे जबाबदारी असते. ठेकेदाराचे देयक मंजूर करताना निधीच्या भरण्याचे चलन जोडलेले आहे की नाही हे नगरसेवकाने सभेत विचारावे. असा एक प्रश्न लांबलचक भाषणापेक्षा जास्त उपयोगाचा असतो.

सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी मिळते, हे खरे आहे का?

सफाई कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार पात्र सफाई कामगाराच्या वारसाला नियुक्ती देण्याची पद्धत आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शासनाने याबाबतचे सुधारित आदेश काढले. ही नियुक्ती अनुकंपा नियुक्तीहून वेगळी असून तिच्यासाठीचा अर्ज व कागदपत्रे वेळेत देणे महत्त्वाचे असते. याच संदर्भात हेही सांगणे आवश्यक आहे की कोणत्याही कामगाराला गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांविना उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ठेकेदाराच्या माणसाने ते केले म्हणून नगरपरिषदेला हात झटकता येत नाहीत.

विकास आराखडा नेमका कोण ठरवतो?

प्रारूप तयार करते ती नियोजन प्राधिकरण म्हणून नगरपरिषद, अंतिम मंजुरी देते ते राज्य शासन. प्रथम सभा आराखडा तयार करण्याचा, किंवा जुना सुधारण्याचा, इरादा जाहीर करते. मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, त्यावरून प्रारूप आराखडा बनतो आणि नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली तो प्रसिद्ध होतो. त्यानंतर ३० दिवसांत हरकती व सूचना देता येतात. नियोजन समिती सुनावणी घेते, समितीचा अहवाल सभेपुढे येतो, बदल केले असल्यास तेही प्रसिद्ध करावे लागतात, आणि मग सारे शासनाकडे जाते. वीस वर्षांतून किमान एकदा आराखडा सुधारावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात काय होते याचे उदाहरण विभागाच्या मुख्यालयातच आहे: छत्रपती संभाजीनगरचा मूळ व वाढीव हद्दीचा आराखडा न्यायालयीन वादात वर्षानुवर्षे अडकला आणि दोन्हींचा एकत्रित प्रारूप आराखडा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर शहर थांबले नव्हते. ते नियमांबाहेर वाढत राहिले.

संपूर्ण आराखडा न बदलता एखाद्याच गटाचा वापर बदलता येतो का?

येतो. त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खालील फेरबदल याचसाठी आहे. अट एवढीच की आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. सभेचा ठराव, राजपत्र व वृत्तपत्रांतील सूचना, एक महिन्याच्या मुदतीत हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी, असा त्याचा क्रम असतो. एखाद्या जुन्या जिनिंगच्या जागेचा औद्योगिक वापर बदलून तो रहिवासी करण्यात काही गैर नाही, कारण त्या जागेभोवती वस्ती आधीच आलेली असते. परंतु क्रीडांगण, शाळा किंवा भाजी मंडईसाठी ठेवलेली जागा एकेका ठरावाने वगळत जाणे हे वेगळे प्रकरण आहे. आरक्षणे वगळण्याचे असे ठराव अनेकदा विषयपत्रिकेच्या शेवटी, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या सदराखाली येतात. जमिनीचा वापर कायमचा बदलणारा विषय ऐनवेळी येऊच नये, असा आमचा ठाम आग्रह आहे.

हरकत कशी लिहावी म्हणजे तिची दखल घेतली जाईल?

"आमचा या आराखड्याला विरोध आहे" एवढेच लिहिलेल्या शेकडो छापील अर्जांपेक्षा एका नीट लिहिलेल्या अर्जाचे वजन अधिक असते. त्यात गट क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक, आराखड्यातील आरक्षणाचा क्रमांक, जागेवरची आजची स्थिती आणि नेमकी मागणी या बाबी हव्यात. जोडीला सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि दिनांकासह छायाचित्रे जोडावीत. नियोजित रस्ता पाणंद सोडून घरांवरून जातो, ओढा नकाशात दाखवलेलाच नाही, दर्ग्याची किंवा मंदिराची इनाम जमीन खासगी म्हणून रंगवली आहे, अशा वस्तुस्थितीच्या चुका दाखवून दिल्यास समितीला त्या डावलणे कठीण जाते. आपल्या वस्तीची गरजही लिहावी. अमुक वस्तीत एकही उद्यान नाही, शाळेसाठी मुलींना राज्य महामार्ग ओलांडावा लागतो, असे मुद्दे मांडण्यासाठी जमिनीचा मालक असावे लागत नाही. भाडेकरू, शेतमजूर आणि फेरीवाले यांनाही हरकत देण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि त्यांच्याच हरकती सर्वांत कमी येतात. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी, सुनावणीला स्वतः हजर राहावे.

शेतजमीन पिवळ्या (रहिवासी) पट्ट्यात आली, आता वेगळी एन.ए. (अकृषिक) परवानगी लागते का?

अंतिम विकास आराखड्यात ज्या वापरासाठी जमीन दाखवली आहे, त्या वापरासाठी स्वतंत्र अकृषिक परवानगी लागत नाही. त्यासाठीची शासकीय रक्कम मात्र भरावी लागते. पण पट्ट्याचा रंग बदलल्याने मालकी हक्क स्वच्छ होत नाही, ही गोष्ट मराठवाड्यात विशेष जपावी लागते. निजामाच्या काळातील खिदमतमाश व मदतमाश इनामे, वक्फ जमिनी, कुळाच्या जमिनी आणि भोगवटादार वर्ग दोनच्या (हस्तांतरणावर निर्बंध असलेल्या) जमिनी या भागात जागोजागी आहेत. म्हणून प्लॉट घेण्यापूर्वी आजच्या सातबाऱ्यावर न थांबता १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंतचे उतारे पाहावेत.

आमचा प्लॉट शंभर रुपयांच्या बॉण्डवर घेतलेला आहे. घरपट्टी नियमित भरतो. घर अधिकृत झाले का?

घरपट्टीची पावती हा बांधकाम परवानगीचा पुरावा नाही, आणि अनधिकृत बांधकामावर लावलेली शास्ती भरल्यानेही ते नियमित होत नाही. बॉण्डवरील व्यवहार म्हणजे नोंदणीकृत खरेदीखतही नव्हे. गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीविना लहान प्लॉट पाडून वसलेल्या, वसाहतींसाठी मात्र २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. तो पूर्वी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वसाहतींना लागू होता आणि २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. पूररेषेतील, सार्वजनिक आरक्षणावरील किंवा शासकीय जमिनीवरील बांधकामांना त्याचा लाभ सहजासहजी मिळत नाही. या वसाहतींत राहणारे लोक बहुतांशी खेड्यांतून पोटापाण्यासाठी आलेले कष्टकरी आहेत. त्यांची फसवणूक प्लॉट पाडून विकणाऱ्यांनी केली, आणि प्लॉट पडत असताना पाहणी करायला नगरपरिषदेकडे माणूस नव्हता किंवा असूनही तो तेथे गेला नाही. नियमितीकरणाची फाईल निकाली काढायलाही तीच अपुरी माणसे आहेत.

नदीकाठच्या जागेला कोणते निर्बंध आहेत?

जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, नवीन बांधकामाला मनाई असते. निळ्या व लाल रेषांमधील पट्ट्यात, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपर्यंत, अटींसह परवानगी मिळू शकते. बीडची बिंदुसरा, हिंगोलीची कयाधू, जालन्याची कुंडलिका, संभाजीनगरची खाम या नद्या वर्षातील बराच काळ कोरड्या किंवा सांडपाण्याच्या असतात, त्यामुळे त्यांच्या पात्रात घर बांधणाऱ्याला धोका दिसत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने पाहिलेले पाणी ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांनी पूररेषा शिथिल करण्याचा कोणताही ठराव बिनचर्चा जाऊ देऊ नये.

लहान घरासाठीही एवढी प्रक्रिया करावी लागते का?

१५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी नियमावलीने सोपी रीत दिली आहे: पात्र अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा, मालकीची कागदपत्रे आणि शुल्काची पावती एवढ्यावर काम सुरू करता येते. मोठ्या बांधकामाच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, मात्र बांधकाम नियमांना धरूनच असले पाहिजे. नकाशावरच्या संरचना अभियंत्याच्या सहीला उपचार समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात जे घडले, ते लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील वाचकांना सांगण्याची गरज नाही.

माझ्या जागेवर आरक्षण आहे, पण अनेक वर्षांत नगरपरिषदेने ती घेतली नाही.

अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाला नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते. नगरपरिषद रोख मोबदला, विकास हक्क हस्तांतरण (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटई क्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) यांपैकी मार्ग काढू शकते. येथेही पुन्हा तेच: सूचना आवक-जावक कक्षात पडून राहते, मुदत उलटते आणि गावाचे क्रीडांगण कायमचे जाते. अशा सर्व सूचनांची नोंदवही दर सभेपुढे ठेवावी, ही मागणी प्रत्येक गावात व्हायला हवी.

सभेचा ठराव चुकीचा वाटला तर कोठे जावे?

नगरपरिषदेचा ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध असल्यास जिल्हाधिकारी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. महानगरपालिकेच्या बाबतीत हा अधिकार महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासनाला आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातील नगर प्रशासन शाखेत द्यावा आणि ठरावाची प्रमाणित प्रत जोडावी. प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, त्यावर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात एकाच वेळी तीन गोष्टी मागाव्यात: ठराव व त्यावरील चर्चेचे इतिवृत्त, नगररचना व बांधकाम विभागांतील मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांचा तक्ता, आणि मागील तीन वर्षांत बजावलेल्या अनधिकृत बांधकामाच्या नोटिसा व त्यांवर झालेली कार्यवाही. ही तीन उत्तरे शेजारी ठेवून वाचली, तर पुढच्या सभेत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला काय विचारायचे ते आपल्याला नेमके कळेल.